दुपारची वीज रात्री केवढ्याला?

साठवणीचे महत्त्व मराठवाड्यात कोणाला शिकवावे लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, तेव्हा घरोघरी टाक्या बसतात. विजेलाही आता अशी टाकी मिळू लागली आहे. मोठ्या सौर प्रकल्पांना बॅटऱ्यांची जोड देण्याचे काम देशात सुरू झाले आहे. मग नांदेड-लातूरच्या उन्हावर आपली रात्रही का उजळू नये? उत्तर विज्ञानाइतकेच हिशेबात दडलेले आहे.

अडचण कोठे आहे?

सौर पट्ट्यांची वीज सकाळी वाढत जाते, दुपारी कळस गाठते आणि सूर्यास्ताबरोबर संपते. घरातले दिवे, पंखे, दूरदर्शन संच मात्र संध्याकाळी सहानंतर एकदम सुरू होतात. दुपारी पुरवठा जास्त आणि रात्री मागणी जास्त, म्हणून दोन्ही वेळांच्या विजेचे मोल सारखे राहत नाही. वीज बाजारात दुपारी दर उतरतात. टंचाईच्या रात्री ते युनिटमागे १० रुपयांच्या कमाल मर्यादेपर्यंत चढतात. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनीही हा फरक मान्य केला. सूर्यप्रकाशाच्या तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असे त्यात सांगितले आहे.

बॅटरी वीज निर्माण करत नाही. ती विजेची वेळ बदलते. तेव्हा तिची कमाई या दोन दरांतील फरकातूनच व्हायची.

टाकीचा हिशेब

एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास वीज. एवढी वीज मावेल अशा साठ्याला, यंत्रसामग्री धरून, १२,६०० रुपये पडतात असे आपण हिशेबासाठी मानू. बॅटरी वर्षातून ३५० दिवस, रोज एकदा भरली व रिकामी केली, आणि ती १२ वर्षे टिकली, तर एकूण फेऱ्या झाल्या ४,२००. म्हणजे साठवणीचा खर्च युनिटमागे ३ रुपये.

आता गळती पाहू. भरलेल्या १०० युनिटांपैकी सुमारे ८५ परत मिळतात; उरलेली उष्णतेत आणि बॅटरी थंड ठेवण्यात जातात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा थंडाव्याचा खर्च विसरून चालणार नाही. दुपारची वीज अडीच रुपयांना घेतली, तर परत मिळालेल्या युनिटची मूळ किंमतच २.९४ रुपये होते. त्यात साठवणीचे ३ रुपये मिळवले की रात्रीचे युनिट सुमारे ६ रुपयांना पडले. कर्जावरील व्याज, देखभाल आणि जुनी होताना बॅटरीची घटणारी क्षमता आपण धरलेली नाही. ती धरली की आकडा आणखी वाढतो.

मग सौर प्रकल्पाची सगळीच वीज महाग होईल का? तसे होत नाही, कारण सगळी वीज साठवायची नसते. समजा, १०० युनिटांपैकी ७० थेट दिली आणि ३० बॅटरीतून दिली. खर्च झाला १७५ अधिक १८०, म्हणजे ३५५ रुपये, सरासरी ३.५५ रुपये. शिवाय दुपारपुरती वापरली जाणारी वाहिनी आणि उपकेंद्र संध्याकाळीही उपयोगी पडतात, हा वेगळा फायदा.

प्रत्यक्षातही दर याच टप्प्यात येऊ लागले आहेत. भारतीय सौर ऊर्जा महामंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये २,००० मेगावॅट सौर विजेचा, सोबत १,००० मेगावॅट क्षमतेच्या व चार तास पुरणाऱ्या साठ्याचा लिलाव केला. त्यात युनिटला ३.५२ रुपये दर मिळाला. शेजारच्या छत्तीसगडमध्ये राजनांदगाव येथे १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प २०२४ मध्ये बॅटरीसह सुरू झाला. त्याचा साठा १२० मेगावॅट-तास आहे, म्हणजे ४० मेगावॅट वीज तीन तास. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने तर फेब्रुवारी २०२५ मध्ये सल्ला दिला, की नव्या सौर निविदांत सौर क्षमतेच्या किमान १० टक्के आणि दोन तास पुरेल एवढा साठा असावा.

हे शक्य झाले ते बॅटऱ्या स्वस्त झाल्यामुळे. लिथियम बॅटरीची जागतिक सरासरी किंमत २०१० साली साठ्याच्या एका युनिटमागे हजार डॉलरहून अधिक होती. २०२४ साली ती ११५ डॉलरच्या आसपास आली.

ढगाळ आठवड्याचे काय?

याच हिशेबात एक मोठी मर्यादा लपलेली आहे. श्रावणात आठ-आठ दिवस आभाळ झाकोळलेले असते. त्या दिवसांसाठी मोठी बॅटरी घेऊन ठेवली आणि ती वर्षातून फक्त २० वेळा वापरली, तर १२ वर्षांत फेऱ्या झाल्या २४०. साठवणीचा खर्च युनिटमागे ५२ रुपयांच्या वर गेला! लग्नकार्याला लागणारी मोठी पातेली आपण विकत घेत नाही, भाड्याने आणतो. त्यातले शहाणपण हेच. रोज भरणारी आणि रोज रिकामी होणारी बॅटरीच परवडते. पावसाळी आठवड्यात कोयनेची जलविद्युत, कोळशाची वीज किंवा वारा यांचाच आधार घ्यावा लागतो. त्यातही कोळशाच्या विजेला पाणी लागते. पाण्याअभावी २०१५ मध्ये परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते, हे मराठवाड्याला ठाऊक आहे.

सर्वांत स्वस्त साठा

म्हणून बॅटरीकडे वळण्याआधी एक प्रश्न विचारावा: कोणते काम दुपारीच उरकता येईल? आपल्याकडे त्याचे उत्तर आहे शेतीपंप. एका पंपाला दिवसाला ३० युनिट लागतात असे धरू. थेट दुपारच्या विजेवर खर्च ७५ रुपये; तेच काम बॅटरीच्या विजेवर रात्री केले तर १८० रुपये. पाणी विहिरीत, शेततळ्यात, पिकाच्या मुळाशी साठून राहते. त्याला लिथियम लागत नाही. नांदेडजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पात गोदावरीचे पाणी पंपांनी उचलून कालव्यात सोडतात. अशी कामे जितकी उन्हाच्या वेळी होतील, तितकी बॅटरी लहान पुरेल.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागे हाच विचार आहे. तिच्या दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प, ३ मेगावॅटचा, २०२४ मध्ये मराठवाड्यातच वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सुरू झाला. दिवसा वीज मिळाली की शेतकऱ्याला विंचू-सापाच्या भीतीने, थंडीत कुडकुडत, रात्री पाणी द्यायला जावे लागत नाही. हा लाभ कोणत्याही हिशेबाच्या वहीत रुपयांनी मांडता येत नाही.

सारांश असा: दिवसा होण्याजोगे काम उन्हावर, संध्याकाळचे चार तास बॅटरीवर आणि ढगाळ आठवडा इतर विजेवर. या क्रमाने गेलो तर साठा परवडतो. क्रम उलटा केला तर तो बिलात बसतो.

वर्गात करून पाहा

विद्यार्थ्यांना घरचे वीज बिल आणायला सांगा. संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत चालणाऱ्या उपकरणांचे वॅट आणि तास मांडून युनिट काढा. गावातील घरांच्या संख्येने गुणा. गावाला केवढी बॅटरी लागेल ते कळेल. मग दरदिवशी एक फेरी आणि महिन्याला एक फेरी, असे दोन्ही हिशेब करून युनिटचा खर्च ताडून पाहा. गुणाकार-भागाकाराच्या या एका उदाहरणातून पुढच्या पिढीला आपल्या गावच्या वीज प्रकल्पाविषयी नेमके प्रश्न विचारता येतील.