कोंबडीची थंडीतली रजा

"ताई, दिवाळीपासून एक अंडं नाही बघा. भाकड झाली वाटतं. बाजाराच्या दिवशी देऊन टाकू का?" थंडी पडली की बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. घरातल्यांचंही मत ठरलेलं असतं, 'नुसती दाणे खातेय, विका नाहीतर कापा.' आणि थंडीत अंड्यांना मागणी वाढते, नेमकी तेव्हाच घरची कोंबडी जाते. अंड्याचे पैसे हे बाईच्या हक्काचे पैसे. म्हणून मैत्रिणींनो, कोंबडी विकण्याआधी ती का थांबली, हे समजून घेऊ या.

पहिलं कारण उजेड. दिवसाचा उजेड कोंबडीच्या मेंदूपर्यंत पोचतो आणि तिथून अंडाशयाला कामाचा इशारा मिळतो. भरपूर अंडी द्यायची तर तिला रोज १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरमध्ये तो ११ तासांवर येतो. त्यात आपण सकाळी उशिरा खुराडं उघडतो आणि संध्याकाळी मुंगसाच्या भीतीनं लवकर झाकतो. म्हणजे तिचा दिवस आणखीच आखूड!

दुसरं कारण पिसं. दिवस लहान होऊ लागले की वर्षावरच्या कोंबड्या जुनी पिसं टाकून नवी धरतात. अंगणात पिसं पडलेली दिसतात, मान उघडी पडते आणि आपल्याला वाटतं, रोग आला. पीस हे बहुतेक सगळं प्रथिनांचंच बनलेलं असतं. अंगावर नवा कपडा विणायचा आणि रोज अंडंही द्यायचं, हे तिला झेपत नाही. त्यामुळे दोन-तीन महिने अंडं बंद. शिवाय थंडीत खाल्लेल्यातलं बरंचसं अंग ऊबदार ठेवण्यातच खर्च होतं. पहिल्या वर्षातली तलंग मात्र पुष्कळदा थंडीतही अंडी देत राहते.

आता ओळखायचं कसं? तुरा बघा. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लालभडक, टवटवीत असतो. विसाव्यातल्या कोंबडीचा फिका आणि आक्रसलेला. ती खाते-पिते, चरते, फक्त अंडं देत नाही. जागेवरून हलत नाही, हात लावला की फुगून गुरगुरते, ती खुडूक झालेली. गावरान कोंबडी १२-१५ अंडी दिली की खुडूक होतेच. कधी कधी तर अंडी असतात, पण कडब्याच्या गंजीत किंवा कुंपणात लपवलेली! एक दिवस दुपारपर्यंत तिच्यावर नजर ठेवा.

पण मान वाकडी होणं, हिरवट पातळ हगणं, खाणं सोडून गुंगत बसणं, ही लक्षणं विसाव्याची नव्हेत. मानमोडीचा संशय घ्या आणि जनावरांच्या दवाखान्यात कळवा. लस आधीच टोचून घेतलेली बरी. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर त्या उघड्यावर टाकू नका आणि खाऊही नका. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा काय हाहाकार झाला, ते आपण पाहिलं आहे.

या दिवसांत एवढं करा. उजाडताच खुराडं उघडा. वारा येतो त्या बाजूला रात्री पोतं लावा, पण वरून हवा खेळू द्या. कोंदट खुराड्यात सर्दी जडते. खाली कोरडा भुसा टाका, ओला झाला की बदला. ज्वारी-मक्याच्या भरड्याबरोबर शेंगदाण्याची पेंड द्या, मात्र बुरशी आलेली पेंड कधीच नको. मेथी-पालकाची निवडून उरलेली पानं घाला. अंड्याची टरफलं भाजून, बारीक चुरून द्या, म्हणजे पुढं कवच पक्कं होईल. सकाळी कोमट पाणी ठेवा.

चार-पाचच कोंबड्या असतील, तर दिव्याच्या भानगडीत पडू नका. जास्त असतील आणि अंडी हवीच असतील, तर पहाटे उठल्यावर एक छोटा बल्ब लावा. दर आठवड्याला थोडा थोडा वेळ वाढवत एकूण उजेड १४ तासांवर न्या. वायर भुशापासून आणि चोचीपासून लांब ठेवा. पिसं झडत असलेल्या कोंबड्यांना मात्र विसावाच हवा.

डिसेंबरच्या अखेरीपासून दिवस हळूहळू मोठा होऊ लागतो, तुरे पुन्हा लाल होतात. तोवर धीर धरा. खरी म्हातारी कोंबडी कोणती, ते फाल्गुनात कळेल. तेव्हा विकायची की ठेवायची ते ठरवा, आणि ते तिला रोज दाणे टाकणाऱ्या बाईनंच ठरवावं.