झाडीपट्टीचा नाट्यबाजार

कलेच्या बाजाराचे दोन मुख्य प्रकार मानता येतात. पहिला वस्तुरूप कलेचा. त्यात चित्र वा शिल्प एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते. नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र २०१५ साली मुंबईतील लिलावात २९ कोटींहून अधिक रुपयांना विकले गेले. दुसरा प्रकार प्रयोगरूप कलेचा. त्यात खरेदी होते ती एका रात्रीच्या प्रयोगाची. झाडीपट्टी रंगभूमी हे या प्रकाराचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. दंडार, खडी गंमत यांसारख्या लोककलांच्या परंपरेतून येथील नाटक घडले. पौराणिक व ऐतिहासिक विषयांकडून ते कौटुंबिक व सामाजिक विषयांकडे वळले. संगीताची साथ मात्र सुटली नाही.

या बाजाराचा आर्थिक पाया धान आहे. गोठणगावजवळ गाढवी नदीवर बांधलेल्या इटियाडोह धरणाचे पाणी अर्जुनी-मोरगावसह वडसा, आरमोरी या भागांतील बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, मिळते. पीक निघाले की हाती पैसा येतो. दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत होते, आणि त्याच रात्री नाटक ठरलेले असते.

व्यवहाराचे केंद्र वडसा, म्हणजेच देसाईगंज. येथे नाट्यसंस्थांची कार्यालये आहेत. गावातील मंडळ तेथे जाऊन नाटक निवडते, रक्कम ठरवते आणि इसार देऊन तारीख पक्की करते. धान कापलेल्या मोकळ्या बांधीत मंडप उभारला जातो. खुर्चीचे व जमिनीवरचे तिकीट वेगवेगळे असते. रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. कलावंत व वादकांना प्रयोगागणिक मानधन मिळते. नफा-तोट्याची जोखीम मंडळाची असते. शिल्लक राहिल्यास ती अनेकदा गावाच्या कामी लागते.

या व्यवहारावर कलावंत, वादक, नेपथ्यकार, ध्वनी-प्रकाशवाले आणि फलक रंगवणारे अशा अनेकांचा हंगामी उदरनिर्वाह चालतो. २०२३ साली ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या परंपरेला राष्ट्रीय मान्यता लाभली.

तिकीट काढणाऱ्या शेतकऱ्याच्या बळावर उभा असलेला हा बाजार अभ्यासकांनी गंभीरपणे नोंदवायला हवा. मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या व जुनी जाहिरातपत्रके जपणे, हे त्या कार्यातील पहिले पाऊल ठरेल.