लहान मुले आणि कॉन्टॅक्ट लेन्स : निर्णयाचे निकष
(वर्धा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : कॉन्टॅक्ट लेन्स, जन्मजात मोतीबिंदू, आळशी डोळा, निकटदृष्टिता, बुबुळाचा जंतुसंसर्ग.

प्रस्तावना :

कॉन्टॅक्ट लेन्स हा शब्द उच्चारताच सामान्यतः महाविद्यालयीन युवक-युवती नजरेसमोर येतात. त्यामुळे लहान मुलांना लेन्स द्यावी काय, हा प्रश्न अनेकांना अनाठायी वाटतो. या संदर्भात समाजात दोन टोकाच्या भूमिका आढळतात. 'लहान मुलांना लेन्स नकोच' ही पहिली भूमिका, तर 'चष्म्यामुळे मूल वाईट दिसते, म्हणून लेन्स द्यावी' ही दुसरी. या दोन्ही भूमिकांमध्ये एक मूलभूत उणीव आहे. पहिली केवळ वयाचा विचार करते आणि दुसरी केवळ रूपाचा. मुलाच्या डोळ्याला नेमकी कशाची गरज आहे आणि त्या लेन्सची निगा कोण राखणार, हे दोन प्रश्न दोन्हीकडे सुटून जातात.

२०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ असून त्यापैकी सुमारे दोनतृतीयांश लोक ग्रामीण भागात राहतात. अशा जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर महानगरातील उत्तरासारखेच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

उद्दिष्टे :

१. लहान मुलांमध्ये लेन्सची वैद्यकीय आवश्यकता केव्हा निर्माण होते, हे स्पष्ट करणे.
२. लेन्सच्या वापरातील धोके व त्यांची कारणे समजून घेणे.
३. वर्धा जिल्ह्यातील परिस्थिती लक्षात घेऊन निर्णयाचे निकष मांडणे.

तान्हे मूल : लेन्स हाच उपचार

लेन्सची सर्वांत निकडीची गरज सर्वांत लहान वयात उद्भवते, ही बाब प्रथमदर्शनी आश्चर्यकारक वाटते. काही बालके जन्मतःच मोतीबिंदू घेऊन येतात. अशा वेळी गढूळ झालेले नैसर्गिक भिंग शस्त्रक्रियेने काढावे लागते. भिंग काढल्यानंतर डोळ्यात प्रकाश शिरतो खरा, परंतु तो दृष्टिपटलावर केंद्रित होत नाही. दृष्टी ही केवळ डोळ्याची क्रिया नसून मेंदूची शिकण्याची प्रक्रिया आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत व महिन्यांत मेंदूला स्पष्ट प्रतिमा मिळाली नाही, तर तो त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच 'आळशी डोळा' असे म्हणतात. एका डोळ्यातील दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया साधारणतः सहा आठवड्यांच्या वयापर्यंत होणे इष्ट मानले जाते, ते याच कारणास्तव.

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असल्यास जाड भिंगाच्या चष्म्याने काम भागू शकते. मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल, तर मात्र चष्मा अपुरा पडतो. चष्म्यामुळे त्या डोळ्यातील प्रतिमा दुसऱ्या डोळ्यातील प्रतिमेपेक्षा पाव पटीहून अधिक मोठी दिसते आणि मेंदू त्या दोन प्रतिमांचा मेळ घालू शकत नाही. लेन्स थेट डोळ्यावर बसत असल्याने हा फरक बराच कमी होतो. शिवाय बाळाचा डोळा झपाट्याने वाढतो, नंबर वारंवार बदलतो आणि त्यानुसार लेन्स बदलणे शक्य असते.

शस्त्रक्रियेच्या वेळीच डोळ्यात कृत्रिम भिंग का बसवू नये, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. अमेरिकेतील बारा केंद्रांवर याच प्रश्नाचा अभ्यास झाला. एका डोळ्यात जन्मजात मोतीबिंदू असलेल्या, एक ते सात महिने वयाच्या ११४ बालकांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला कृत्रिम भिंग व दुसऱ्याला कॉन्टॅक्ट लेन्स देण्यात आली. साडेचार वर्षांच्या वयात दोन्ही गटांच्या दृष्टीत लक्षणीय फरक आढळला नाही. तथापि, पाच वर्षांच्या वयापर्यंत डोळ्यात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलेल्या मुलांचे प्रमाण कृत्रिम भिंगाच्या गटात ७२ टक्के, तर लेन्सच्या गटात २१ टक्के होते. म्हणून सात महिन्यांखालील बालकांसाठी संशोधकांनी लेन्सला पसंती दिली. मात्र त्यांनी एक महत्त्वाचा अपवादही नोंदविला. लेन्सचा खर्च व हाताळणी कुटुंबाला इतकी जड जाणार असेल की बाळाचा डोळा दीर्घकाळ लेन्सविना राहील, तर कृत्रिम भिंगाचा विचार करावा. वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने हा अपवाद मूळ शिफारशीइतकाच मोलाचा आहे.

केवळ लेन्स लावून उपचार पूर्ण होत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. निरोगी डोळ्यावर दररोज काही तास पट्टी लावून अधू डोळ्याला काम करावयास भाग पाडावे लागते व हा क्रम अनेक वर्षे चालतो.

शालेय वय : चष्मा, नंबर आणि रूप

शालेय वयात प्रश्नाचे स्वरूप बदलते. या वयातील बहुतेक मुलांचा दृष्टिदोष चष्म्याने पूर्णतः दुरुस्त होतो. चष्मा डोळ्याला स्पर्श करीत नाही, त्यातून संसर्ग होत नाही आणि तो हरवला तरी डोळ्याला इजा होत नाही. म्हणून या वयात चष्मा हा पहिला पर्याय ठरतो. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठी तफावत असणे किंवा केरॅटोकोनस, म्हणजे बुबुळ शंकूसारखे पुढे येणे, अशा परिस्थितीत मात्र चष्मा अपुरा पडून लेन्सची गरज भासते. नागपूरलगतच्या ग्रामीण भागात तीस वर्षे व त्यावरील वयाच्या ४,६६७ व्यक्तींच्या तपासणीत, बुबुळाची वक्रता ४८ डायॉप्टर वा अधिक हा निकष लावला असता, २.३ टक्के व्यक्तींमध्ये केरॅटोकोनस आढळला होता. हा विकार बहुधा किशोरवयातच सुरू होतो. त्यामुळे चष्म्याचा नंबर वारंवार बदलणाऱ्या व सतत डोळे चोळणाऱ्या मुलाची बुबुळाची तपासणी अवश्य व्हावी.

अलीकडे निकटदृष्टितेचा नंबर वाढू नये म्हणूनही विशिष्ट रचनेच्या लेन्स दिल्या जातात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या एका चाचणीत अशा एकदिवसीय लेन्समुळे नंबर वाढण्याचे प्रमाण ५९ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आठ ते बारा वर्षे वयात वापर सुरू करण्यासाठी तिला मान्यता दिली. तथापि याच उद्देशाने कमी मात्रेचे ॲट्रोपिनचे थेंब आणि विशेष रचनेचे चष्मेही वापरले जातात. मुलाने दररोज मोकळ्या हवेत, दिवसाच्या उजेडात वेळ घालविल्यास निकटदृष्टिता सुरू होण्याची शक्यता घटते आणि त्यासाठी कोणताही खर्च येत नाही.

रूपाचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. 'ढापण्या', 'डबल बॅटरी' अशी नावे ऐकून चष्मा दप्तरातच ठेवणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. मुलीला चष्मा लागला की तिच्या लग्नाची चिंता करणारे पालकही आहेत. आठ ते अकरा वर्षे वयाच्या ४८४ मुलांच्या तीन वर्षांच्या एका अमेरिकी अभ्यासात लेन्स वापरणाऱ्या मुलांना आपले रूप, खेळातील कौशल्य व मित्रांतील स्थान याविषयी अधिक समाधान वाटले. परंतु एकूण आत्मसन्मानात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. चिडविण्यावरचा उपाय प्रथम वर्गात शोधावयास हवा आणि तो शिक्षकांच्या हाती आहे. केवळ हौसेखातर वापरल्या जाणाऱ्या रंगीत लेन्स तर लहान मुलांना देऊच नयेत. त्यात लाभ काहीच नसून धोका मात्र पूर्ण आहे.

धोक्याचे स्वरूप :

बुबुळाच्या पारदर्शक भागात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या माध्यमातून मिळतो. लेन्समुळे हा पुरवठा कमी होतो आणि झोपेत पापण्या मिटल्यावर तो आणखी घटतो. अशा दुर्बल झालेल्या पृष्ठभागावर जंतू सहज शिरकाव करतात. ऑस्ट्रेलियातील २००८ च्या एका अभ्यासानुसार मृदू लेन्स केवळ दिवसा वापरणाऱ्यांत बुबुळाच्या जंतुसंसर्गाचे वार्षिक प्रमाण दर दहा हजारांमागे सुमारे दोन, तर रात्री लेन्स लावून झोपणाऱ्यांत ते सुमारे वीस होते. धोका कमी-अधिक होतो तो प्रामुख्याने वापराच्या सवयींमुळे, हे यावरून दिसते. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांमध्ये पालकांच्या देखरेखीखाली हा धोका किशोरवयीन मुलांहून अधिक असल्याचे अभ्यासांत आढळलेले नाही. परंतु संसर्ग झालाच तर बुबुळावर फूल पडून दृष्टी कायमची अधू होऊ शकते.

दुसरा धोका पाण्याचा आहे. विहीर, नदी, टाकी किंवा नळ यांच्या पाण्यात अकांथमिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. लेन्सला चिकटून तो बुबुळात शिरल्यास अत्यंत वेदनादायी व दीर्घकाळ चालणारा आजार होतो. म्हणून पिण्यास योग्य असलेले पाणीही लेन्ससाठी अयोग्यच ठरते.

वर्धा जिल्ह्याची परिस्थिती :

या पार्श्वभूमीवर जिल्ह्यातील काही वास्तव बाबी विचारात घ्याव्या लागतात. पहिली बाब हवामानाची. येथील उन्हाळा अतिशय कडक व कोरडा असतो. अशा हवामानात मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, डोळ्यांना तीव्र खाज सुटणारी ॲलर्जी आढळते. ही ॲलर्जी आटोक्यात येईपर्यंत लेन्स देता येत नाही. त्यात शेतातील धूळ आणि कापसाच्या हंगामातील तंतूंची भर पडते. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असते. २०२३ मध्ये ती महाराष्ट्रभर मोठ्या प्रमाणावर पसरली होती. अशा काळात लेन्स पूर्णतः बंद ठेवावी लागते व त्यासाठी जवळ योग्य नंबरचा चष्मा असावाच लागतो.

दुसरी बाब घरातील रीतींची आहे. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालणे, डोळा लाल झाल्यास मध किंवा आईचे दूध सोडणे, एकाच टॉवेलने सर्वांनी तोंड पुसणे या प्रथा लेन्सच्या वापराशी विसंगत आहेत. विहिरीत किंवा धाम, वेणा, वर्धा या नद्यांत पोहणाऱ्या मुलांनाही हेच लागू पडते.

तिसरी बाब अंतराची. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व तिचे कस्तुरबा रुग्णालय, तसेच सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जिल्ह्यात आहेत. ग्रामीण जिल्ह्याच्या दृष्टीने ही मोठी जमेची बाजू होय. मात्र ही दोन्ही वर्धा शहरालगत आहेत. आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातील मजूर कुटुंबाला प्रत्येक फेरीसाठी एका दिवसाची मजुरी सोडावी लागते. लहान बाळाच्या लेन्सकरिता अशा फेऱ्या वारंवार कराव्या लागतात.

शासकीय पातळीवर २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदू व दृष्टिदोष यांच्या तपासणीचा समावेश आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शालेय विद्यार्थ्यांना मोफत चष्मेही दिले जातात. या सुविधांचा लाभ घेणे ही लेन्सच्या विचारापूर्वीची पायरी होय.

निर्णयाचे निकष :

१. कारण : चष्म्याने भागत नाही असे वैद्यकीय कारण आहे काय? असल्यास वय हा अडथळा मानू नये. नसल्यास चष्म्यालाच प्राधान्य द्यावे.
२. डोळ्याची स्थिती : ॲलर्जी, कोरडेपणा किंवा संसर्ग नाही, याची खात्री नेत्रतज्ज्ञाने केली आहे काय?
३. जबाबदार व्यक्ती : साबणाने हात धुऊन व कोरडे करून दररोज लेन्स हाताळणारी एक निश्चित व्यक्ती घरात आहे काय? आई शेतावर गेल्यास तिच्या जागी कोण?
४. मुलाची तयारी : शालेय वयातील मूल स्वतः लेन्स काढू शकते काय? त्रास होताच न घाबरता सांगते काय?
५. सातत्य : द्रावण, नवीन लेन्स व तपासणीच्या फेऱ्या यांचा खर्च वर्षभर पेलणार आहे काय? शक्य असल्यास दररोज टाकून द्यावयाच्या लेन्स अधिक सुरक्षित ठरतात.
६. तातडीची सोय : डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे किंवा अंधुक दिसणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचता येईल काय?

यांपैकी तिसऱ्या व सहाव्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर शालेय मुलासाठी लेन्सचा निर्णय पुढे ढकलावा. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र पुढे ढकलणे म्हणजे दृष्टी गमावणे होय. तेथे लेन्स जमत नसल्यास चष्मा, कृत्रिम भिंग किंवा अन्य पर्याय तत्काळ निवडावा लागतो.

निष्कर्ष :

लहान मुलांच्या कॉन्टॅक्ट लेन्सचा निर्णय वयावर वा रूपावर नव्हे, तर गरज आणि निगा या दोन आधारांवर घेतला जावा. ज्या बाळाला लेन्सची खरी गरज आहे, त्याच्यापर्यंत ती वेळेत पोहोचली पाहिजे आणि ज्या मुलाचे चष्म्याने भागते, त्याला तो निःसंकोचपणे वापरता आला पाहिजे. पहिल्या गोष्टीसाठी नवजात बालकाच्या बाहुलीतील पांढरेपणा ओळखणारी आई, आशा सेविका व अंगणवाडी सेविका हव्यात. दुसऱ्या गोष्टीसाठी वर्गातील चिडवाचिडवी थांबविणारा शिक्षक हवा. महाविद्यालयांना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून व अध्यापक प्रशिक्षणातून ही माहिती गावोगावी नेता येईल. मोतीबिंदू असलेल्या बाळाच्या बाबतीत ती काही आठवड्यांच्या आत पोहोचणे आवश्यक आहे, कारण त्यानंतर लेन्स मिळाली तरी गेलेली दृष्टी पूर्णतः परत येत नाही.