उदयपूर : पाणी, पाळ आणि १७६९ साल

शाळेत असताना इतिहासाच्या तासाला महादजी शिंदे यांच्या मोहिमांची एक यादी आम्हांला वहीत उतरवून घ्यावी लागे. तीत ‘क्षिप्राकाठची लढाई, १७६९’ अशी एक ओळ होती आणि तिच्या खाली ‘उदयपूरचा वेढा’ एवढेच शब्द होते. परीक्षेत या दोन ओळींना दोन गुण मिळत. लश्करात वाढलेल्या मुलाला त्यापलीकडे जाण्याचे कारण नव्हते. ज्या नगराला वेढा पडला ते कसे आहे, त्यात कोण राहत होते, हा प्रश्न मलाही पडला नाही. तो पडला तेव्हा मी सेवानिवृत्त झालो होतो आणि आश्विनातल्या एका सकाळी पत्नीसह उदयपूरच्या गणगौर घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो.

उदयपूर पाहायचे तर आधी त्याची जागा समजून घ्यावी. चितोडचा किल्ला मैदानात एकट्या उभ्या असलेल्या डोंगरावर आहे. भव्य खरा, पण चहूबाजूंनी कोंडला की सुटका नाही. १३०३, १५३५ आणि १५६८ असा तो तीनदा पडला. शेवटचा वेढा अकबराचा. महाराणा उदयसिंह यांनी त्याआधीच, १५५९ च्या सुमारास, अरवलीच्या डोंगरांनी वेढलेल्या गिरवा नावाच्या खोऱ्यात नव्या राजधानीचा पाया घातला होता. पूर्वेकडून येणाऱ्याला देबारीच्या खिंडीतून आत शिरावे लागे. डोंगरांचा तट निसर्गानेच बांधलेला असल्यामुळे माणसांनी आपले लक्ष पाण्याकडे वळवले.

तळ्यांचे शहर म्हटले की ही तळी निसर्गाने दिली असतील असा आपला समज होतो. तसे नाही. पिछोला हा बांधलेला तलाव आहे. महाराणा लाखा यांच्या काळात एका बंजाऱ्याने ओढ्याला बांध घालून तो केला, असे सांगतात. पिछोली या गावावरून त्याला नाव मिळाले. उदयसिंहांनी त्याची पाळ वाढवून भक्कम केली, तेव्हा त्याला आजचे रूप येऊ लागले. पाळ म्हणजे धरणाची भिंत. आपण पर्यटक राजवाड्याकडे पाहत राहतो आणि ज्या भिंतीमुळे राजवाड्याचे प्रतिबिंब पडते तिच्यावरून खुशाल चालत जातो.

या तळ्यांची मांडणी एका घाटावरच्या नावाड्याने मला बोटाने हवेत रेघा काढून समजावली. सीसारमा नदीचे पाणी पिछोल्यात येते. पिछोला पुढे रंगसागर आणि स्वरूपसागर यांना जोडलेला आहे. स्वरूपसागरातून कालव्याने पाणी फतेहसागरात सोडता येते. फतेहसागर मूळचा महाराणा जयसिंहांचा. पुराने तो फुटला आणि १८८९ मध्ये महाराणा फतेहसिंहांनी त्याची पाळ नव्याने बांधवली. सगळे भरले की जादा पाणी आयड नदीत उतरते आणि शहराच्या पूर्वेला उदयसागरात जाते. एका तळ्याचे उरले ते दुसऱ्याला, अशी ही व्यवस्था आहे. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी मात्र सारी साखळीच कोरडी पडते. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या दुष्काळात पिछोल्याचा तळ उघडा पडला होता आणि त्यात गुरे चरत होती. नावाडी म्हणाला, “साहब, तेव्हा आमच्या नावा जमिनीवर होत्या.” त्यामुळे तळे भरून वाहू लागले की इथले लोक मुलाबाळांसह ते पाहायला जातात. आम्ही गेलो त्या वर्षी दरवाजे उघडले होते आणि पाणी पाहायला जत्रेसारखी गर्दी झाली होती.

राजवाड्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. तो एका राजाचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकेक महाल जोडत तो वाढला आणि तरीही तळ्यावरून एकसंध दिसतो. मला सर्वांत नवल वाटले ते अमरविलासाचे. अनेक मजले चढून आपण वर येतो आणि समोर मोठाली झाडे असलेली बाग दिसते! राजवाडा टेकडीला बिलगून बांधला आहे. ती बाग गच्चीवर नसून टेकडीच्या माथ्यावर आहे, त्या झाडांची मुळे खऱ्या जमिनीत आहेत. सहेलियों की बाडी ही दुसरी बागही अशीच. महाराणा संग्रामसिंह दुसरे यांनी ती राजघराण्यातील स्त्रियांसाठी करविली. ती फतेहसागराच्या पाळीखाली, सखल भागात आहे. म्हणूनच वरच्या तळ्याचे पाणी केवळ उंचीच्या जोरावर तिथल्या कारंज्यांतून उसळू शकते. जगदीश मंदिर १६५१ चे, महाराणा जगत्‌सिंह पहिले यांचे. १६८० मध्ये औरंगजेबाच्या फौजेने त्याची नासधूस केली, पुढे त्याचा जीर्णोद्धार झाला. पायऱ्या बऱ्याच उभ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळीच जावे.

आता वेढ्याकडे येतो. गणगौर घाटाला लागूनच बागोर की हवेली आहे. ती बांधली मेवाडचे प्रधान अमरचंद बडवा यांनी. आज तिथे संध्याकाळी लोकनृत्ये होतात आणि ती पाहायला तिकिटासाठी रांग लागते. रांगेत उभा असताना हे नाव वाचले आणि वहीतली ती ओळ आठवली. १७६९ मध्ये मेवाडच्या गादीवर महाराणा अरिसिंह होते. त्यांच्या विरोधातील सरदारांनी रत्नसिंह नावाचा दुसरा दावेदार उभा केला आणि महादजींना आपल्या बाजूला ओढले. उज्जैनजवळ क्षिप्रेकाठी मेवाडची फौज हरली आणि शिंद्यांच्या सैन्याने उदयपूरला वेढा घातला. खजिना रिता होता, पगार थकल्याने सिंधी शिपाई बिथरले होते. अशा वेळी अमरचंदांनी सोन्याचांदीची भांडी वितळवून पगार भागवले, धान्य जमा केले आणि शहर महिनोन्‌महिने झुंजत ठेवले. शहर पडले नाही, तह झाला. साठ लाखांहून अधिक रक्कम ठरली. काही भाग रोख आणि जडजवाहिरांत चुकता झाला, उरलेल्यापोटी नीमच, जावद, जीरण हे परगणे गहाण पडले. हे अमरचंद वारले तेव्हा त्यांच्या घरी अंत्यविधीपुरतेही पैसे नव्हते, असे कर्नल टॉडने लिहिले आहे.

टॉड हा इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून १८१८ मध्ये उदयपुरास आला आणि मराठ्यांविषयी त्याची लेखणी कमालीची कडवट आहे. कंपनीच्या राज्याची थोरवी सांगायची तर आधीच्यांना काळे रंगवणे त्याला सोयीचे होते, हे ध्यानात ठेवून त्याला वाचावे. पण तेवढे म्हणून सुटका होत नाही. गहाण पडलेले नीमच आणि जावद मेवाडला परत मिळाले नाहीत. १९४८ पर्यंत ते ग्वाल्हेर संस्थानात होते. आमच्या शाळासोबत्यांपैकी कित्येकांचे वाडवडील त्या भागात अमीन, कारकून, शिक्षक म्हणून नोकरीस होते. ती गावे आपल्याकडे कशी आली हे कुणी विचारले नाही. वहीतही ते नव्हते.

त्याच नीमचच्या छावणीत जून १८५७ मध्ये उठाव झाला आणि तिथून पळालेल्या युरोपीय स्त्रिया व मुले उदयपुरास पोचली. महाराणा स्वरूपसिंहांनी त्यांना पिछोल्यातल्या जगमंदिर बेटावर ठेवले. याच बेटावर सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी, बापाविरुद्ध बंड करून आलेल्या शाहजादा खुर्रमला, म्हणजे पुढच्या शहाजहानला, आसरा मिळाला होता. नावेतून ते बेट दाखवताना नावाड्याने या दोन्ही गोष्टी सांगितल्या. मग त्याने विचारले, “आप कहाँ से?” मी ग्वाल्हेर म्हटले. तो हसून म्हणाला, “फिर तो पुराने जान-पहचान वाले हुए.” त्याला वेढा ठाऊक होता की नाही, हे मी विचारले नाही.

उदयसागरातून निघालेल्या नदीला बेडच म्हणतात. ती चितोडच्या पायथ्यावरून जाते, बनास नदीला मिळते आणि बनास चंबळेला. परतीच्या गाडीत धौलपूर गेल्यावर मी पत्नीला उठवले. पुलाखाली चंबळ पात्र भरून वाहत होती. स्वरूपसागराचे दरवाजे उघडल्याला तेव्हा काही दिवस झाले होते. पुढचे स्टेशन मुरैना, त्यानंतर आपले घर.