शहाबादी फरशीला अ‍ॅसिड नको



आपल्याकडे बऱ्याच घरांत शहाबादी फरशी अन् ओट्याला काळा कडाप्पा असतो. सणासुदीला लख्ख दिसावे म्हणून त्यावर अ‍ॅसिड ओततात. ही रीत सोडावी, असे आम्हांस वाटते.

हे दोन्ही दगड चुनखडीचे. कारखान्यात उसाच्या रसाचा आंबटपणा मारायला चुना घालतात, हे आपण जाणताच. तेच इथे घडते. अ‍ॅसिड पडले की दगड फसफसतो, म्हणजे विरघळतो. मळ निघतो, पण दगडाच्या वरच्या थरासकट! मग फरशी खरबरीत होऊन आणखी लवकर मळते. लिंबू, चिंच, ताक सांडले तरी लगेच पुसावे.

रोज साधे पाणी पुरते. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात थोडी साबणाची पूड घालून काथ्याने घासावे. तेलाच्या डागावर खाण्याच्या सोड्याचा लेप रात्रभर ठेवावा, सकाळी धुवावा.

आणखी एक, जिवाशी गाठ असलेली गोष्ट. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो प्राणही घेईल. घरातल्या सर्वांना हे आजच सांगावे, ही विनंती.