वाड्यात वेगळं बिऱ्हाड

सकाळी 6.30

तिघरा धरणाचं पाणी नळाला आलं की ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या गल्ल्यांत मोटारी घरघरायला लागतात. माझं पहिलं काम तेव्हाच उरकावं लागतं. ज्या घरात भाड्याचा भाग काढायचा, तिथं नळ चालू असताना जाऊन बघायचं: धार कशी आहे, टाकी किती वेळात भरते, वर पाणी चढतं का. एका घरात दोन बिऱ्हाडं झाली की पहिलं भांडण पाण्यावरून होतं. म्हणून मोटार एक असली तरी टाक्या दोन आणि व्हॉल्व्हही दोन, हे मी सोडत नाही. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. ती खालच्या भिंतीच्या डोक्यावरच बसली पाहिजे, गच्चीच्या मधोमध नाही.

8.00

नाश्त्याला बेडई आणि चहा. तेवढ्यात गवंड्याचा फोन: सिमेंट पोचलं, वाळू यायची आहे.

9.00

आजचं मोठं काम एका काकूंच्या वाड्यात. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास इथं लष्कराचा तळ टाकला आणि त्याचं शहर झालं. त्यांच्यामागून आलेल्या मराठी कुटुंबांचे असे वाडे लष्कर भागात अजून उभे आहेत. मुलं पुण्याला, बंगलोरला, परदेशात. घरात एखादी म्हातारी आणि कुलूप लावलेल्या खोल्या. दुसरीकडे भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरीहून शिकायला आणि नोकरीला येणारी पोरं-पोरी खोली शोधत फिरतात. गजराराजा मेडिकल कॉलेज, जयारोग्य रुग्णालय, कमलाराजा कॉलेज, सगळं याच शहरात. या दोघांची गाठ घालून द्यावी, हे मला मनापासून वाटतं.

काकूंनी बेत आधीच केलेला. खालचा पुढचा भाग भाड्यानं द्यायचा, कारण त्याला भाडं जास्त येईल, आणि आपण वर राहायचं.

"काकू, भाडेकरूचं मागाहून बघू. आधी तुम्ही कुठं राहणार ते ठरवू."

"अरे, मला एक खोली पुरे."

हेच मी जवळपास प्रत्येक घरात ऐकतो, आणि इथंच अडून बसतो. भाडेकरू दोन वर्षांनी बदलेल, काकूंना वीस वर्षं काढायची आहेत. रात्री उठून न्हाणीघरात जायचं तर जिना नको, उंबरा नको. देवघर, माजघर आणि मागचं अंगण खालीच आहे. शेजारीण हाक मारते ती ओसरीवर. वर गेल्या तर पहिल्या पावसाळ्यातच त्यांचं खाली येणं बंद होईल. तासभर बोलणं झालं. भाडं थोडं कमी येईल हे मी लपवलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं, पण वरच्यांनी माझ्या चौकातून जायचं नाही." तेही बरोबरच होतं. बोळाच्या बाजूचा जुना जिना उघडायचा, त्याला रस्त्याकडून वेगळं दार, आणि चौकाकडचं दार काकूंच्या बाजूनं कडी लावून बंद.

11.00

वरच्या मजल्यावर संडास आणि स्वयंपाकाचा ओटा काढायचा आहे. ग्वाल्हेरच्या जुन्या घरांची छतं वालुकाश्माच्या पटियांची. पटिया दोन टोकांवर तोललेली असते, मधोमध भोक पाडलं तर तडकते. मिस्त्रीला ते माझ्याआधी माहीत: "बाबूजी, बीच में मत छेड़ो, चटक जाएगी." म्हणून संडास भिंतीला चिकटून घेतला आणि चार इंची पाइप थेट बाहेरच्या भिंतीवरून खाली उतरवला. आतला आडवा पाइप दहा फुटांचा, त्याला तीन इंच उतार. त्याहून कमी दिला तर तुंबणार. तेवढ्यासाठी फरशी उचलावी लागते, आणि तिथं विटांचे तुकडे भरायचे नाहीत. वजन वाढतं.

वजनाचंच दुसरं. खोल्या वेगळ्या करायला लोक साडेचार इंची विटेची भिंत उभी करतात. दहा फूट लांब, दहा फूट उंच अशी भिंत साधारण दोन टनांची होते. खाली भिंत नसेल तर तो सगळा भार पटियांवर. मी अशा जागी लोखंडी चौकटीवर सिमेंटचे बोर्ड लावतो, आत ग्लासवूल भरतो. आवाजही अडतो.

1.30

घरी जेवण, मग नगर निगम. जिन्याच्या नव्या दारासाठी नकाशा दाखल केला.

3.30

कागद. घर अजून काकूंच्या सासऱ्यांच्या नावावर. भाडेकरार करण्याआधी नामांतरण आणि सगळ्या वारसांची लेखी संमती, हे मी त्यांच्या मुलाला पुण्याला फोन करून सांगितलं. वर्षाहून जास्त मुदतीचा करार नोंदवावाच लागतो, म्हणून सगळीकडे अकरा महिन्यांचे करार चालतात. वर वेगळा सबमीटर. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात. भाड्याचं उत्पन्न प्राप्तिकरात दाखवताना तीस टक्के वजावट मिळते, हे बहुतेकांना सांगावं लागतं.

काकूंची खरी भीती मात्र वेगळी: "निघालाच नाही तर?" जुन्या भाडेकरूंनी घरं अडवल्याच्या गोष्टी या मोहल्ल्यात प्रत्येकाला पाठ आहेत. मध्यप्रदेशच्या 1961 च्या स्थान नियंत्रण कायद्यात विधवा, निवृत्त सरकारी नोकर, अपंग अशा घरमालकांसाठी वेगळी तरतूद आहे. स्वतःला जागेची खरी गरज असेल तर त्यांना थेट भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. हे मी त्यांना कलमासह मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. वकिलाला दाखवून घ्या, असंही सांगितलं.

6.00

जयारोग्यमध्ये नर्स असलेली मुरैनाची मुलगी वडिलांना घेऊन जागा बघायला आली. वडिलांनी दाराच्या कड्या ओढून पाहिल्या, मुलीनं विचारलं, रात्रपाळीहून पहाटे आलं तर चालेल का? काकू म्हणाल्या, चालेल, जिना तुझा आहे. भाड्याचं बोलणं मी त्यांच्यावर सोडलं आणि ओट्याची उंची मोजायला वर गेलो. मुलगी उंच आहे, दोन इंच वाढवावा लागेल.

8.30

घरी नकाशात ओटा दुरुस्त केला. उद्या सुताराला जिन्याच्या दाराचं माप द्यायचं आहे: दार आत उघडणारं हवं, बोळ अरुंद आहे.