गंजाने आवळलेले आटे

जुन्या इमारतींत स्वयंपाकघरातील सिंकखालचा सांडपाण्याचा पाइप पुष्कळदा ‘जीआय’चा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा असतो. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ते आधी स्वतः झिजते आणि तोवर लोखंड वाचते. मात्र लिंबू-चिंचेचे आंबट पाणी, मीठ आणि नळी मोकळी करण्यासाठी ओतलेले अ‍ॅसिड यांनी मुलामा खाल्ला गेला, की गंज चढू लागतो. असा पाइप बदलताना खरी अडचण येते ती आट्यांची, म्हणजे जोडणीसाठी पाइपच्या टोकावर कापलेल्या मळसूत्री खाचांची. आटे पाडताना तेथील मुलामा निघून जातो व पत्राही पातळ होतो, त्यामुळे गंज तेथे लवकर धरतो. आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने तो खाचांतील फट ठासून भरून दोन्ही भाग एकमेकांत आवळून टाकतो.

अशा जोडावर केवळ जोर लावला, तर भिंतीत गाडलेले दुसरे टोक पिळवटून आतल्या आत तडकण्याची भीती असते. म्हणून आट्यांत झिरपणारे गंजरोधक तेल काही तास मुरू देऊन, एका पाइप पान्याने भिंतीकडील भाग घट्ट धरावा आणि दुसऱ्याने पुढचा भाग फिरवावा. एवढ्यानेही जोड सुटला नाही, तर पाइप भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून लोखंडी करवतीने कापावा. उरलेल्या तुकड्यात आतून, बाहेरच्या सॉकेटचे आटे न दुखावता, लांबीच्या दिशेने चिरा पाडल्या, म्हणजे तो छिन्नीने आत दुमडून काढता येतो.

मोकळ्या झालेल्या सॉकेटमध्ये पीव्हीसीचा आटेदार जोड, आट्यांच्या दिशेने टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवतात. त्यापुढे ट्रॅप येतो; या वळणदार भागात साठून राहणारे पाणी गटारातील दुर्गंधी व झुरळे अडवते. शेवटी सिंक काठोकाठ भरून एकदम सोडावे व प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवून पाहावा. ट्रॅपच्या नटाला टेप लागत नाही, कारण तेथे पाणी अडवते ते रबरी वॉशर आणि आट्यांचे काम केवळ ते दाबून धरण्याचे असते. त्यामुळे तुंबलेला ट्रॅप पुढे बहुधा पान्याशिवाय, हातानेच उघडता येतो.